टंचाई निधी बंद करा म्हणणाऱ्यांना एकच विनंती, मे महिन्यात गावात येऊन राहा

गिरणाकाठ: सकाळी इथंच एकानं लिहिलं, टंचाई निधी, म्हणजे उन्हाळ्यात टँकर-विहिरींसाठी येणारा सरकारी पैसा, ही दरवर्षीची खैरात, बंद करा आणि सगळा पैसा जलजीवनला, म्हणजे घरोघर नळाच्या केंद्राच्या योजनेला द्या. डोकंच फिरलं. जलजीवन 2019 ला आलं, माणशी 55 लिटर 2024 पर्यंत देणार होते, आता मुदत 2028. आमच्याकडे टाकी उभी, नळ घरोघर, पण विहीर फेब्रुवारीतच तळाला. मग टँकर येतो, त्याच विहिरीत पाणी सोडतो, गाळ वर उठतो आणि बाया ते गढूळ पाणी शेंदून फडक्यानं गाळतात. गाळ काढणं, विहीर खोल करणं, नळयोजनेची दुरुस्ती सगळं टंचाई आराखड्यात बसतं, पहिला टप्पा ऑक्टोबरपासूनच असतो, पण आमच्या प्रस्तावावर सही होईपर्यंत एप्रिल उजाडतो. निधी लवकर द्या म्हणा ना, बंद कशाला?

अमळनेरकर: ते मीच लिहिलं आणि अजूनही तेच म्हणतो. टँकर चालू आहे तोवर पुढाऱ्यांना घाई नसते. तापीवरच्या रखडलेल्या पाडळसे धरणाची वाट बघून आमची एक पिढी म्हातारी झाली!

धुळे_पांझरा: खरं दुखणं बोअरचं आहे. रावेर-यावलला केळीपायी पाणी कुठल्या कुठं खोल गेलं ते बोला की.

केळीवाला: आला का परत केळीवर! ठिबक आम्हीच लावलं. शिरपूरला भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, विहिरींना पाणी आलं. तसं काम करा ना, शेतकऱ्याला काय शिव्या घालता?

धुळे_पांझरा: शिव्या नाही भो, कायदा सांगतोय. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर नको हे 1993 पासून आहे. आमच्या गावविहिरीला खेटून रात्रीतून बोअर मारला, तक्रार केली तर मलाच दम दिला.

केळीवाला: 500 मीटरचं मान्य. पण मग ज्यानं मारला त्याला धरा, अख्ख्या तालुक्याला कशाला?

सातपुडा: तुमचं केळी-बोअर चालू द्या. इकडे धडगावच्या पाड्यांवर रस्ताच नाही, टँकर चढणार कुठून? बाया झिऱ्यावर, म्हणजे पाणी झिरपतं त्या खड्ड्यावर, वाटीनं हंडा भरतात. झऱ्याला पक्की कुंडी बांधायला आधी पैसा द्या.

अमळनेरकर: झऱ्यांना द्या, त्याला ना नाही. टँकरला माझा विरोधच.

गिरणाकाठ: मग विहीर आटली त्या दिवशी गावानं काय प्यायचं, तेवढं सांगा भाऊ.