साखरपुड्याच्या फोटोवरून घरच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

लहानी काकू: साखरपुड्याच्या फोटोखाली "ताईची पोर केवढी फुगली व", "उन्हात काळी ठिक्कर पडली", "दादाचा पोरगा बुटकाच राहते का काय" असं लिहिलं आहे. दोघंही लेकरं या ग्रुपवर आहेत, सगळं वाचतात. हे आता बंद झालं पाहिजे.

मामाजी: अवं सूनबाई, घरच्या लोकायनं मजाक केली. मले बी शाळेत सारे 'काडी' म्हणत. काय झालं मले?

लहानी काकू: मामाजी, तेव्हा बोललेलं तिथंच विरायचं. इथं ते फोटोसकट लिहिलेलं राहते, पोरगी रात्री उघडून पुन्हा पुन्हा पाहते.

ताई: तिला विचारूनच लिहिते आहे. नववीत आहे. डब्यातल्या पोळ्या मैत्रिणीला देऊन येते अन् घरी "खाल्लं" म्हणते. कबड्डीच्या सरावात चक्कर येऊन बसली तेव्हा मॅडमचा फोन आला. दप्तर पाहिलं तर गोरं होण्याच्या क्रीमची ट्यूब निघाली. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली.

लहानी काकू: ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलं ते पाय. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर ते स्टेरॉइड. इसबासारख्या दुखण्याला डॉक्टर थोडे दिवस देतात. चेहऱ्यावर लावलं की आधी उजळ वाटते, मग कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसतात, मुरमं येतात. सोडलं की चेहरा आग आग करते, म्हणून लेकरू पुन्हा तेच लावते. 2018 पासून अशी क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी विकतात. स्वतःच्या मनानं एकदम बंद नको करू, आधी कातडीच्या डॉक्टरला दाखव.

अन् चक्कर आली म्हणतेस तर हिमोग्लोबिन तपासून घे. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या शंभरातल्या 59 पोरींत रक्त कमी निघालं होतं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती खाते का, तेही विचार. त्यात डबा सोडला तर पोर उभी कशी राहील?

मोठी आई: मी बोलतो अन् नातू लिहून राहिला. पोरीले काळी म्हणू नका, बरोबर हाये. पण उद्या लगन जमवाले पाहुणे येतीन ते रंगच पायतीन ना? जीव तुटते म्हणून बोलतो मी.

लहानी काकू: आई, तुमचा जीव तुटते हे मला ठाऊक आहे. पण पाहुणे पाहतील म्हणून आपणच नववीपासून तिला रोज पाहायचं का? तुम्ही जन्मभर त्याच उन्हात कापूस वेचला, त्याच रंगावर हे घर उभं आहे. कातडीला रंग देणारं मेलॅनिन उन्हापासूनच राखते. आपल्या घरच्या कोणत्याच बायोडाट्यात यापुढं 'वर्ण' ही ओळ नको.

मोठी आई: बरं. नाई टाकत.

दादा (पुणे): काकू, माझ्या पोराचं वेगळंच. तो रील पाहतो अन् पावडर मागतो, छाती भरायला. त्या रीलमधल्या अर्ध्या पोरांवर फिल्टर असतो, हे सांगितलं तर पटत नाही.

लहानी काकू: त्याच्यासमोर तुझाच फोटो फिल्टर लावून अन् काढून दाखव. उंचीचं म्हणशील तर पोरी साधारण 11-12 व्या वर्षी झपाट्यानं वाढतात, पोरं त्याहून दोनेक वर्षांनी. कोणी आधी, कोणी मागून. उंची धरायच्या आधी अंग भरणंही कितीक लेकरांत होते. अन् फोनवर मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, लावून लेकराला जाड ठरवू नका. 18 च्या खाली वय अन् मुलगा-मुलगी पाहून वेगळा तक्ता लागते.

दादाचा पोरगा: मी वाचून राहिलो. पावडर नको मला. फक्त आल्या आल्या पाठीला पाठ लावून उंची मोजणं बंद करा. दिवाळीत सगळ्यांसमोर मोजली होती.

मामाजी: ते मीच केलतं बापा. आता नाई करत.

वहिनी: मग भेटल्यावर लेकरायले विचारावं तरी काय? आपल्याकडे पहिलं वाक्यच "वाळली" नाहीतर "सुटली" असते.

लहानी काकू: कबड्डीत रेड कशी मारते ते विचारा. चित्र काय काढलं ते पाहा. अन् आपणही ताटावर बसून "मी लय जाडी झाली, आज भात नको" म्हणणं सोडा, पोरी ते आपल्याकडूनच उचलतात.

ताई, सरकारी दवाखान्यात 10 ते 19 वर्षांच्या लेकरांसाठी मैत्री क्लिनिक असते, समुपदेशक एकटीशी बोलतात. मी सोबत येते. मधात फारच उदास दिसली तर 14416 वर फोन कर, टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

ताई: सोमवारी येशील का? तिची शाळा सकाळची आहे.

लहानी काकू: येते. दुपारच्या एसटीनं.

मामाजी: फोटोखालचं माझं लिहिलेलं मिटून नाई राहिलं. फक्त माझ्याच फोनमधून जाते म्हणते.

दादा (पुणे): मामाजी, मी ॲडमिन आहे, सगळ्यांचं काढतो.