वडील पुरात घर सोडायला तयार नाहीत, काय करू?

पुण्यात_शिरोळकर
नमस्कार मंडळी. गाव शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी, नृसिंहवाडीपासून फार लांब नाही, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी पुण्यात नोकरीला. घरी आप्पा (वय ७१), आई, चार म्हशी आणि एक रेडकू. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा तलाठी आणि पोलीस पाटील दोनदा दारात येऊन गेले, ट्रॅक्टरवर स्पीकर लावून गावभर सांगितलं, आप्पा जागचे हलले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, २००५ ला पाणी जोत्याच्या दुसऱ्या पायरीला लागून माघारी गेलं, ह्या घरात पाणी येत नाही. तिसऱ्या रात्री आलं. आईवडील दोन रात्री स्लॅबवर ताडपत्रीखाली होते, फोन बंद, मी इकडे हायवे बंद म्हणून कराडच्या पुढं जाऊ शकलो नाही. शेवटी बोटीनं काढलं. म्हशी दावी कापून सोडल्या होत्या, त्यातली एक परत आलीच नाही. आप्पा त्या म्हशीबद्दल आजही बोलत नाहीत. २०२१ ला निघाले खरे, पण गुडघाभर पाण्यातून, आईला मध्ये धरून.
आता परत जुलै आलाय, कोयना धरणाचे आकडे रोज बघतोय. परवा फोनवर म्हटलं यावेळी आधीच निघा, तर म्हणाले "तू तिकडं बस, आमाला नदी शिकवू नगंस". मला त्यांच्याशी भांडायचं नाही, त्यांना हलवायचं कसं ते पाहिजे. कुणाच्या घरी असं झालंय का?

गावभागातली_सून
दादा, वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्या घरी २०१९ ला हट्ट म्हातारी माणसं नाही, आम्ही तरुण माणसंच करत होतो. सांगलीत सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा आकडा विचारतात, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे लहान मुलांना पण पाठ असतं. आमच्या जिन्याखाली २००५ ची खूण केलेली आहे, सासऱ्यांनी पेन्सिलीनं तारखेसकट लिहिलेली. महापालिकेचे लोक आले तेव्हा मी स्वतः ती खूण त्यांना दाखवली आणि म्हटलं आमच्याकडे इथपर्यंतच येतं, आम्ही सामान माळ्यावर टाकलंय, वर राहतो. त्यांच्या मागे आणखी शंभर घरं होती, ते पुढे गेले. मग पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि ती खूण दिसेनाशी झाली. खूण पाण्याखाली गेलेली बघितली तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, तोपर्यंत आम्ही पाण्याची मजा बघत होतो असं म्हटलं तरी चालेल.
सासूबाईंना शुगर, इन्सुलिन फ्रिजमध्ये, लाईट गेली. पाणी वरच्या मजल्यावर आलंच नाही, पण पिण्याचं पाणी संपलं, संडास वर येऊन तुंबला, इन्सुलिनचं काय करायचं कळेना. घर बुडणार नाही म्हणून थांबलो, आणि घर न बुडताही तिथं राहता येत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या आप्पांना त्या दुसऱ्या पायरीबद्दल काही बोलू नका, ती त्यांनी डोळ्यांनी बघितलेली आहे, त्यावर तुम्ही हरणार. आईच्या गोळ्या, प्यायचं पाणी, म्हशीची वैरण किती दिवस पुरेल एवढंच विचारा.

कडक_मत
मला राग येतो अशा लोकांचा, माफ करा. दोनदा सांगून जे निघत नाहीत त्यांच्यासाठी एनडीआरएफची, आर्मीची पोरं जीव धोक्यात घालून बोटी घेऊन जातात, ती पण कुणाची तरी मुलं आहेत. तेवढ्या वेळात एखादी बाळंतीण, एखादा डायलिसिसचा पेशंट थांबलेला असतो. आदेश दिला की सक्तीनं उचललं पाहिजे आणि दंड लावला पाहिजे. कायदा आहे ना, मग वापरायला काय होतं?

होडीवर_होतो
कडक_मत, तुमचा बोटीवरच्या पोरांबद्दलचा मुद्दा खरा आहे, मी २०१९ ला पलूस आणि मिरजेच्या बाजूला मंडळाच्या बोटीवर सात दिवस होतो म्हणून सांगतो. पण जे दारात हात जोडून "आमाला न्या" म्हणत होते तेच चार दिवसांपूर्वी नाही म्हणालेले होते. माणूस तोच, पाणी वेगळं.
भावा शिरोळकर, तुला एकच गोष्ट सांगतो, ती मला ब्रह्मनाळ गावानं शिकवली. ८ ऑगस्ट २०१९, गावाला चारी बाजूनी पाणी, माणसं होडीत बसून गाव सोडत होती, होडीत माणसं जास्त झाली, उलटली, १७ जण गेले. बायका, लहान पोरं. ही माणसं हट्टानं घरात बसून गेली नाहीत, ती गाव सोडताना गेली. निघायला उशीर झाला की निघणं हेच सगळ्यात धोक्याचं काम होऊन बसतं. लोक म्हणतात ना पाणी उंबऱ्याला लागलं की बघू, तो हिशोबच चुकीचा आहे, कारण आपल्याकडं घराच्या आधी रस्ता बुडतो. घर गावाच्या उंचवट्यावर असतं आणि बाहेर जायचा रस्ता ओढ्यावरनं, मळीतनं म्हणजे नदीकाठच्या सखल रानातनं जातो. नदीचं पाणी ओढ्यातनं उलटं आत शिरतं, घर अजून कोरडं खडखडीत असतं आणि तुमच्या गावाचं बेट झालेलं असतं. त्यानंतर ट्रॅक्टर संपला, फक्त बोट. आणि बोटीत म्हैस बसत नाही, म्हणून माणूसही बसत नाही. मी अशी किती दारं बघितली, म्हातारा गोठ्याच्या खांबाला धरून उभा, म्हणतोय तुम्ही हिला न्या, मी हितंच हाय.
तर आप्पांना घराबद्दल विचारू नकोस. विचार की गावाबाहेर जायचा रस्ता पहिल्यांदा कुठं तुटतो. त्यांना नक्की माहीत असणार, तुला मला नाही.

सातबारा_आणि_मी
मी महसूल खात्यात आहे, गाव सांगत नाही. कडक_मत यांनी कायद्याचं विचारलं म्हणून लिहितोय. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५१, आदेश मानला नाही तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि त्यामुळं जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत. नोटिशीच्या खाली आम्ही ते छापतो पण. माझ्या नोकरीत घर सोडलं नाही म्हणून कुणावर ते लावलेलं मी बघितलं नाही, आणि खरं सांगू का, पुरात सगळं गेलेल्या माणसाला मी समन्स घेऊन जाऊ शकणार नाही. ज्या रात्री नोटीस वाटायची असते त्या रात्री माझ्याकडं दोन कोतवाल आणि चारशे उंबरे असतात, कुणाकुणाला उचलणार.
लोक का थांबतात ते दारात उभं राहिलं की कळतं. एक तर जनावरं, ते वर आलंच. दुसरं चोरीची भीती, बायका सांगत नाहीत पण धान्याच्या कणगीत सोनं असतं. तिसरं पंचनामा. माणूस घरात नसला तर पंचनाम्यात नाव राहील का, ह्या भीतीनं लोक पाण्यात बसून राहिलेले मी बघितलेत. २०१९ ला सानुग्रह अनुदान गावात दहा हजार आणि शहरात पंधरा हजार होतं, कुणाला ते किरकोळ वाटेल पण ज्याचं सगळं भिजलंय त्याला ते पहिले पैसे. आम्ही सांगायला पाहिजे होतं की पंचनामा पाणी ओसरल्यावर होतो, घरी बसून राहिल्यानं काही वाढत नाही. ते आम्ही नीट सांगितलं नाही, ही आमची चूक.
आणि चौथं म्हणजे शाळेतला निवारा. एका हॉलमध्ये साठ माणसं, बायकांना आडोसा नाही, सुनेसमोर सासऱ्याला झोपायचंय, मानी माणूस तिथं जात नाही. ज्याला जाऊन कुठं टेकायचं ते आधीच ठरलेलं असतं तो पहिल्या हाकेला निघतो, हे मी दरवेळी बघितलंय. नातेवाईक, ओळखीचा मळा, काहीही चालेल, पण घर आणि गोठा दोन्ही ठरलेलं पाहिजे.

चिखलीकर
आमची कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली आणि शेजारची आंबेवाडी, १९८९ च्या पुरानंतर वर सोनतळीला प्लॉट दिलेत आम्हाला. तरी अर्धं गाव खालीच. लोक नावं ठेवतात की सरकारनं जागा दिली तरी जात नाहीत, पण तेव्हा एक घर होतं आता तीन भावांची तीन झाली, प्लॉट एकच, आणि शेत खाली असताना रोज वर खाली कोण करणार. २०१९ ला आम्ही अडकलो, वाईट अडकलो. २०२१ ला पाणी कोल्हापुरात २०१९ पेक्षा पण वर गेलं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ५६ फुटांच्या पुढं, पण गावातली बरीचशी जनावरं आधीच सोनतळीला गेली होती. म्हातारी माणसं जनावरांच्या मागोमाग आपोआप गेली. आमच्या आज्जीला कुणी चल म्हटलंच नाही, म्हसरं ट्रॉलीत चढवली तशी ती पण धार काढायची बादली घेऊन चढली.

ह्यूस्टनहून_मीनल
मी मूळ मिरजेची, वीस-बावीस वर्षं ह्यूस्टनला आहे. कडक_मत यांना आदेशाची दुसरी बाजू सांगते. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ होऊन महिनाही झाला नव्हता आणि रीटा वादळ आमच्याकडे येतंय म्हणाले, टीव्हीवर न्यू ऑर्लिन्सचे छतावरचे लोक ताजे होते, त्यामुळे ज्यांना सांगितलं ते पण निघाले आणि ज्यांना सांगितलं नव्हतं ते पण निघाले. पंचवीस लाखांच्या वर माणसं रस्त्यावर. आम्ही बाळाला घेऊन एकोणीस तास गाडीत होतो, कडक ऊन, पेट्रोल संपेल म्हणून एसी बंद. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली, तेवीस जण गेले. त्या निघण्यातच एकूण शंभराच्या आसपास माणसं गेली, आणि वादळ शेवटी ह्यूस्टनच्या पूर्वेला वळलं. म्हणून २०१७ ला हार्वे वादळ आलं तेव्हा शहरानं निघा असा आदेशच दिला नाही, आणि मग लोकांना घराघरातून बोटीनं काढायला लागलं. दोन्ही मी बघितलंय, सोपं उत्तर कुठंच नाहीये. आता किनाऱ्यापासून झोन पाडलेत, आधी कोण निघणार नंतर कोण, ते सीझनच्या आधीच माहीत असतं.
आणि म्हशींवरून आठवलं. कतरिनात कितीतरी लोक कुत्र्यामांजरांसाठी मागे राहिले कारण निवाऱ्यात प्राणी घेत नव्हते. २००६ मध्ये इथं कायदाच झाला की स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय धरायची. इथे कुत्र्यासाठी कायदा होऊ शकतो तर ज्या म्हशीवर घर चालतं तिच्यासाठी आपल्याकडे आराखड्यात जागा हवीच की हो.

कडक_मत
दंडाचं मी मागे घेतो. पंचनाम्याच्या भीतीचं मला माहीत नव्हतं. पण पोरांच्या जीवाचं म्हणणं कायम आहे.

होडीवर_होतो
ते असूच दे, आमच्या आया पण हेच म्हणत होत्या.

पुण्यात_शिरोळकर
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोनदा वाचलं आणि आज सकाळी फोन केला. निघा म्हटलंच नाही. विचारलं, आप्पा, आपला रस्ता पहिल्यांदा कुठं तुटतो? थोडा वेळ गप्प, मग सुरू झाले ते थांबेनात. म्हणाले नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळात दक्षिणद्वार झाला, म्हणजे पाणी पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं, की लोक अंघोळीला जातात, तोवर भ्यायचं कारण नाही, नदी दर्शनाला आलेली असते. पण नंतर कृष्णा फुगलेलीच राहिली की पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही आणि ते सगळं पाणी आपल्या मळीत पसरतं, मग आपल्या ओढ्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, बुडते. मोरी बुडाली की ट्रॅक्टर जात नाही. हे त्यांना सगळं माहीत होतं, २०१९ ला पण माहीत होतं. मी विचारलं मग तेव्हा का नाही निघालात, तर म्हणाले "चार म्हसरं घिऊन कुणाच्या दारात जायाचं?" एवढंच.
मावशीचा जयसिंगपूरच्या बाजूला माळावर मळा आहे, गोठा रिकामाच असतो. मावशीला फोन केला, ती आप्पांवरच चिडली की सात वर्षांचा असल्यापासून बघतेय तुला, विचारायला लाज वाटली होय. या रविवारी मी गावी जातोय, उसाचं वाडं आणि पेंडीची दोन पोती आधीच तिकडं टाकून येणार, आईच्या तीन महिन्यांच्या गोळ्या पण. ट्रॉलीवाल्याशी आप्पा स्वतः बोलले. मोरीच्या कठड्याला पाणी लागलं की म्हशी चढवायच्या असं त्यांनीच ठरवलंय. मी कठडा म्हटलं तर उशीर नाही ना होणार, तर म्हणाले बरं, कठड्याच्या खाली एक वीत.

गावभागातली_सून
दादा, ती वीत खडूनं नको, ऑइलपेंटनं आखून या.