विषय: ब्लूज संघाचा २०१८-१९ चा हंगाम – दिवाळी अंकातील एका वाक्याबद्दल

प्रेषक: संपादिका, दिवाळी अंक

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

यंदाच्या अंकात सेंट लुईस शहरावर जो विभाग आहे, त्यात तेथील ब्लूज या आइस हॉकी (बर्फावरील हॉकी) संघाने उत्तर अमेरिकेच्या लीगचा स्टॅनले चषक जिंकला त्या हंगामासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत. हाती आलेल्या लेखाचे पहिलेच वाक्य असे आहे: “३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ३१ संघांच्या लीगमध्ये ३१ वा असलेला आपला संघ फिलाडेल्फियातील एका क्लबात ऐकलेल्या ‘ग्लोरिया’ या गाण्याने भारला गेला आणि पाच महिन्यांनी जगज्जेता झाला.” वाक्य कानाला गोड लागते, पण मला हॉकीतले फारसे कळत नाही आणि छापलेले मागे घेता येत नाही. जाणकारांनी रविवारपर्यंत मत कळवावे, ही विनंती.

आपली,
संपादिका

---

प्रेषक: अण्णा, कर्कवुड

ताईंस सप्रेम नमस्कार.

वाक्यातील तारीख बरोबर आहे, क्रमांक बरोबर आहे, गाण्याची हकीकतही खरी आहे. चूक आहे ती ‘आणि’ या शब्दात, कारण गाण्यामुळेच चषक आला असे त्यातून निघते. (‘जगज्जेता’ हाही शब्द काढावा. ही उत्तर अमेरिकेची लीग आहे, विश्वचषक नव्हे.)

प्रथम गाण्याचे सांगतो. ६ जानेवारीच्या रविवारी संघ फिलाडेल्फियात होता. त्या शहराच्या फुटबॉल संघाचा सामना पाहायला ब्लूजचे काही खेळाडू एका खासगी क्लबात गेले होते. तेथे लॉरा ब्रॅनिगनचे १९८२ सालचे ते गाणे वाजले की सारे लोक उठून नाचत, हे त्यांनी पाहिले आणि ‘आपण जिंकल्यावर हेच लावायचे’ असे ठरवून टाकले. दुसऱ्याच दिवशी संघ फिलाडेल्फियाच्या फ्लायर्स या हॉकी संघाविरुद्ध ३-० असा जिंकला. इथवर लेखकाचे म्हणणे मान्य. परंतु त्याच सामन्यात जॉर्डन बिनिंग्टन नावाचा गोलरक्षक या लीगमध्ये प्रथमच सुरुवातीपासून गोलजाळ्यात उभा राहिला आणि त्याने एकही गोल होऊ दिला नाही, हे लेखात चौथ्या परिच्छेदात, तेही ओझरते आले आहे.

आता आकडे पाहावेत. विजयाला २ गुण आणि जादा वेळेत झालेल्या पराभवाला १ गुण, अशी येथील रीत आहे. हंगामाची सुरुवात माइक यो यांच्या प्रशिक्षणाखाली झाली आणि १९ सामन्यांत संघाला १७ गुण मिळाले. १९ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसकडून हार पत्करल्यावर त्यांना त्याच रात्री दूर करून क्रेग बेरुबे यांना तात्पुरते प्रशिक्षक नेमण्यात आले. त्यांच्या पहिल्या १८ सामन्यांत गुण किती, तर पुन्हा १७. म्हणजे प्रशिक्षक बदलल्यावर दीड महिना गुणतक्त्यात काहीच हलले नाही. ३७ सामन्यांत ३४ गुण, ही ती प्रसिद्ध तळाची स्थिती.

उरलेल्या ४५ सामन्यांत ६५ गुण मिळाले आणि एकूण ९९ गुणांनिशी संघ मध्य विभागात तिसरा आला. या ४५ पैकी ज्या ३० सामन्यांचा निकाल बिनिंग्टनच्या नावावर आहे, त्यांत २४ विजय, ५ पराभव आणि १ जादा वेळेतला पराभव, म्हणजे ४९ गुण आहेत. बाकीच्या १५ सामन्यांत १६ गुण. बिनिंग्टन नसताना संघ जानेवारीनंतरही जवळपास पूर्वीच्याच चालीने चालत होता, हे एवढ्यावरून दिसते.

आणि हा मनुष्य कोण, तर २०११ साली तिसऱ्या फेरीत निवडलेला, पुढची बहुतेक वर्षे कनिष्ठ आणि दुय्यम लीगमध्ये घालवलेला. आधीच्या हंगामात तर त्याला प्रॉव्हिडन्सच्या संघाकडे उसना दिला होता. प्रॉव्हिडन्सचा संघ म्हणजे बॉस्टन ब्रुइन्सचीच दुसरी फळी. ज्यांच्या अंगणात तो वर्षभर पाहुणा म्हणून राहिला, त्यांनाच पुढे अंतिम फेरीत हरवून त्याने चषक घेतला. लेखकाला कथाच हवी असेल, तर गाण्यापेक्षा ही अधिक रंगतदार आहे.

आपला,
अण्णा

---

प्रेषक: एक सभासद, चेस्टरफील्ड

आदरणीय अण्णा आणि सर्व मंडळी, सप्रेम नमस्कार.

अण्णांचा हिशेब मी स्वतः पुन्हा करून पाहिला आणि तो बिनचूक आहे. तरीही तो ६ एप्रिलला, म्हणजे साखळी सामने संपले त्या दिवशी थांबतो, आणि चषक काही एप्रिलमध्ये देत नाहीत. प्ले-ऑफच्या चार फेऱ्यांत संघ २६ सामने खेळला आणि १६ जिंकला. साखळीत बिनिंग्टनने शंभरातले जवळपास ९३ फटके अडवले होते. प्ले-ऑफमध्ये हे प्रमाण ९१ च्या थोडे वर उतरले आणि सामन्यामागे स्वीकारलेले गोल १.८९ वरून २.४६ वर गेले. हे आकडे वाईट नाहीत, पण एकट्याच्या खांद्यावर चषक आणणारेही नाहीत. अंतिम फेरीचा तिसरा सामना आपण आपल्याच शहरात ७-२ असा हरलो होतो आणि त्याला मध्येच बाहेर बसवावे लागले होते, हेही लक्षात असू द्यावे.

माझ्या मते मुळात ‘तळाचा संघ’ हे शब्दच दिशाभूल करतात. २०१८ च्या उन्हाळ्यात महाव्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी बफेलोकडून रायन ओ’राइली याला आणले, डेव्हिड पेरॉनला परत बोलावले, टायलर बोझॅक आणि याच शहरात वाढलेला पॅट मरून यांना करारबद्ध केले. असा संघ तळाला जावा, हेच नवल होते. वर येण्यात तेवढे नवल नाही. शिवाय ३ जानेवारीला बऱ्याच संघांचे सामने आपल्याहून अधिक झाले होते, त्यामुळे ३१ हा क्रमांक वस्तुस्थितीपेक्षा जरा जास्तच काळा दिसत होता. आपल्याकडे आयपीएलचा गुणतक्ता वाचताना कोणाचे किती सामने बाकी आहेत, हे आपण आधी पाहतो. येथे मात्र ते पाहायला सारेच विसरले.

आता प्रशिक्षकांविषयी. अण्णा म्हणतात, दीड महिना काहीच हलले नाही. गुण हलले नाहीत, हे खरे. परंतु १० डिसेंबरला सरावात रॉबर्ट बोर्टुझ्झो आणि झॅक सॅनफर्ड या आपल्याच दोन खेळाडूंची हातघाई झाली, हातमोजे बर्फावर पडले आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली, तेव्हा अनेकांनी हा संघ फुटला असे समजून मोडीत काढले होते. बेरुबे स्वतः खेळाडू असताना धक्काबुक्कीसाठीच प्रसिद्ध होते. त्यांनी त्या प्रसंगाचा बाऊ केला नाही. पुढे अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात गोल केला बोर्टुझ्झोने आणि सातव्या सामन्यात गोल केला सॅनफर्डने. यातून कोणता सिद्धांत मांडावा, असे मी म्हणत नाही. पण दोन पानांत ही गोष्ट नसेल, तर हंगाम अपुरा राहील.

ओ’राइलीविषयी तर लेखात एकच ओळ आहे. साखळीत स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेले साहाय्य मिळून ७७ वैयक्तिक गुण घेऊन तो संघात पहिला होता. उत्तम बचाव करणाऱ्या आक्रमकाला देतात तो सेल्की करंडक त्याला मिळाला आणि प्ले-ऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडकही त्यालाच मिळाला. अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यापासून सातव्यापर्यंत, लागोपाठ चारही सामन्यांत त्याने गोल केला. त्याच्याआधी असे १९८५ साली वेन ग्रेट्झ्कीने केले होते.

स्नेहांकित,
एक सभासद

---

प्रेषक: अण्णा, कर्कवुड

ओ’राइलीला एक ओळ हा अन्याय आहे, हे मान्य. तिसऱ्या सामन्याचेही मान्य. मात्र प्ले-ऑफची सरासरी सांगताना एक गोष्ट राहून गेली. पराभवानंतरच्या लगतच्या सामन्यांत बिनिंग्टनचे ८ विजय आणि २ पराभव आहेत. सरासरी बिघडवणारे सामने तो मागे टाकून येत असे. सात सामन्यांच्या मालिकेत ७-२ ने हरले काय आणि १-० ने हरले काय, हार एकच मोजतात. सरासरीला हे कळत नाही.

१२ जूनचा सातवा सामना पाहावा. पहिल्या सत्रात ब्रुइन्सने १२ फटके मारले, आपण अवघे ४. तरीही सत्र संपताना आपण २-० ने पुढे होतो. पहिला गोल ओ’राइलीचा आणि दुसरा, सत्र संपायला ८ सेकंद उरलेले असताना, कर्णधार अ‍ॅलेक्स पिएत्रांजेलोचा. ती वीस मिनिटे गोलजाळ्यात दुसरा कोणी असता, तर पुढचे काही लिहिण्याजोगे उरले असते असे मला वाटत नाही. सामना ४-१ असा संपला आणि बिनिंग्टनने ३२ फटके अडवले.

चेस्टरफील्डकरांनी मला विचारात पाडले, हे मात्र प्रांजळपणे लिहितो. गोलरक्षकाने जानेवारीत संघाला बुडण्यापासून वाचवले आणि जूनमध्ये त्या संघाने गोलरक्षकाला सांभाळून नेले, असे म्हणायला माझी हरकत नाही.

अण्णा

---

प्रेषक: काकू, क्रीव्ह कोर

सर्वांना नमस्कार. आपली चर्चा वाचत होते. मला आकड्यांतले कळत नाही, पण हे गाणे शहराला एवढे का लागले, हे लेखात कुठेच आलेले नाही आणि ते फिलाडेल्फियातील क्लबात सापडणारही नाही, म्हणून लिहिते.

आम्ही येथे आलो तेव्हा संघ ओकलंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या जुन्या अरीनात खेळत असे. ती इमारत १९९९ साली पाडली. शेजारचे गृहस्थ त्या वेळी सांगायचे की १९६७ साली संघ जन्मला आणि १९६८, ६९, ७० अशी पहिली तीनही वर्षे अंतिम फेरीत गेला. त्या काळी लीगने सहा नव्या संघांचा एकच विभाग केला होता, त्यामुळे त्यांपैकी एक संघ अंतिम फेरीत जाणार हे ठरलेलेच होते. तेथे आपण माँट्रियलकडून दोनदा आणि बॉस्टनकडून एकदा, प्रत्येक वेळी ४-० असे हरलो. बारा सामने आणि विजय एकही नाही. १९७० साली बॉबी ऑरने शेवटचा गोल करून हवेत झेप घेतली, ते छायाचित्र आजही जिकडेतिकडे दिसते. बर्फावर ज्यांच्याविरुद्ध तो गोल झाला ते आपणच, हे इतर गावांतले लोक विसरले असतील, येथले विसरलेले नाहीत.

१९८३ साली तर संघ कॅनडातील सास्काटून येथे जाणार, असे ठरत आले होते. लीगने ती विक्री नामंजूर केली, पण त्या गोंधळात नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीला ब्लूजतर्फे कोणी गेलेच नाही आणि त्या वर्षी संघाने एकही खेळाडू निवडला नाही. पुढे हॅरी ऑर्नेस्ट यांनी संघ विकत घेतला म्हणून तो येथे राहिला. २०१६ साली रॅम्स हा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसला निघून गेला. तेव्हा जाता जाता राहिलेला संघ आणि गेलेला संघ, असे दोन्ही या गावाने पाहिलेले आहे.

म्हणून माझ्या आठवणीत त्या हंगामाची खरी रात्र २९ मेची आहे. अंतिम फेरीचा दुसरा सामना बॉस्टनमध्ये जादा वेळेत कार्ल गुन्नारसनने जिंकून दिला. तिसऱ्या सत्रात त्याचा फटका गोलखांबाला लागून परत आला होता. मध्यंतरात स्वच्छतागृहात बेरुबेंशी गाठ पडली, तेव्हा ‘मला आणखी एकच संधी हवी आहे’ असे त्याने सांगितले, असे नंतर सर्वत्र छापून आले. तो अंतिम फेरीतला संघाचा पहिलावहिला विजय होता. १९६८ पासून तेरा पराभव झाल्यानंतरचा. आमचे शेजारी तोवर राहिले नव्हते. त्यांच्या पत्नीने रात्री साडेदहानंतर आमचे दार वाजवले आणि केवळ ‘एक झाला’ असे म्हटले.

शेवटचा सामना बॉस्टनला होता, तरी आपल्याकडे तो पडद्यावर पाहायला संघाचे नवे अरीना आणि बुश स्टेडियम अशा दोन्ही ठिकाणी लोक जमले होते. आम्ही स्टेडियममध्ये होतो. पावसात भिजत बेसबॉलच्या मैदानावर हॉकी पाहिली आणि माझी साडी वाळायला दोन दिवस लागले. सामना संपल्यावर ते गाणे लागले, तेव्हा ते फिलाडेल्फियाचे आहे असे तेथे कोणाच्या मनातही आले नसेल.

काकू

---

प्रेषक: संपादिका, दिवाळी अंक

अण्णा, काकू आणि चेस्टरफील्डचे सभासद यांचे मनःपूर्वक आभार. लेखकाशी बोलले. त्यांनी आढेवेढे न घेता मान्य केले. पहिले वाक्य आता असे असेल: “३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ब्लूज लीगमध्ये ३१ वे होते. चारच दिवसांनी त्यांच्या गोलजाळ्यात एक नवा गोलरक्षक उभा राहिला आणि त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये एक जुने गाणे वाजू लागले. ३ जानेवारीपासूनच्या ४५ सामन्यांत त्यांनी ६५ गुण मिळवले.” यात ‘आणि’ अजून आहे, पण तो आता कोणालाही चषक देत नाही, असे मला वाटते. अण्णांनी पाहून कळवावे.

ओ’राइलीला स्वतंत्र परिच्छेद दिला आहे. सरावातील हातघाई आणि त्या दोघांचे गोल, हे चौकटीत घेत आहोत. काकूंचे पत्र लेखात मिसळण्याऐवजी शेजारच्या पानावर जसेच्या तसे छापावे, असे समितीला वाटते. त्यामुळे दोनाची तीन पाने होत आहेत आणि पाककृतींचे एक पान कमी करावे लागेल. काकू, ते पान आपलेच होते, तरी संमती कळवावी.

आपली,
संपादिका

---

प्रेषक: काकू, क्रीव्ह कोर

संमती आहे. अनारसे पुढच्या वर्षी छापा. ‘एक झाला’ हे शब्द तेवढे बदलू नका.