शेजारच्या घरात मुलाचा छळ होत असल्याची शंका आहे. नक्की काय पाहायचं आणि कुणाला, कसं सांगायचं?

भिंतीपलीकडे:

भिंतीला भिंत लागून असलेलं घर. साधारण सहा-सात वर्षांचं मूल आणि त्याहून लहान एक भावंड. आठवड्यातून दोन-तीनदा दरडावणं, काहीतरी आदळल्याचा आवाज, मग रडणं, आणि ते रडणं मध्येच तुटतं. मोठं मूल उकाड्यातही पूर्ण बाह्यांत असतं आणि शाळेच्या वेळेत बऱ्याचदा घरीच. धाकटं मात्र टापटीप, हसतंखेळतं. मारताना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही.

यातलं खरोखर धोक्याचं काय आणि कुठल्याही घरात चालतं ते काय? हातात पुरावा नसताना तक्रार करता येते का? आणि तक्रारीनंतर त्या मुलालाच जास्त मार बसला तर?

"त्यांच्या घरचा मामला आहे" हे उत्तर आधीच भरपूर मिळालंय, ते कृपया नको.

नडगी_ते_कान:

अंगावरच्या खुणांपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

खेळणारं मूल बहुधा पुढे पडतं आणि हाडावर पडतं. म्हणून नडगी, गुडघे, कोपर, कपाळ, हनुवटी इथलं खरचटणं किंवा काळंनिळं होणं याला फारसा अर्थ नाही. नडगीवर एकही डाग नसलेलं पाच वर्षांचं मूल विरळाच. मार बसतो तो मांसल आणि कपड्याआड जाणाऱ्या जागी: पाठ, पोट, कुल्ले, मांडीची मागची बाजू, दंडाची आतली बाजू. चेहऱ्यावर असेल तर गालाचा मऊ भाग, जबड्याचा कोपरा, कान. कानाकडे विशेष लक्ष द्या. पडताना खांदा आणि डोक्याची बाजू कानाला आडोसा देतात, त्यामुळे नुसत्या पडण्याने कान काळानिळा होणं सहसा घडत नाही.

बालरोगतज्ज्ञ यासाठी 'टेन-फोर-फेसेस-पी' नावाचा नियम वापरतात. आजच्या रूपात तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळानिळा डाग असेल, किंवा पाच महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही असा डाग असेल, तर तपासणी हवीच. जे बाळ अजून धड कुशीवरही वळत नाही, ते स्वतःला डाग पाडून घेणार कसं?

आकारही बोलतो. वायर किंवा दोरी दुमडून मारली की इंग्रजी यू अक्षरासारखा वळ उठतो. थापडेच्या वळात बोटं उमटण्याऐवजी बोटांच्या कडा समांतर रेषांसारख्या दिसतात. गरम पाणी चुकून सांडलं तर शिंतोडे आणि ओघळ असतात. हातपाय पाण्यात धरून ठेवले असतील तर मोजा घातल्यासारखी सरळ कड दिसते. सिगारेटचा चटका गोल, साधारण ८ ते १० मिलिमीटरचा.

तीन चकवे सांगून थांबते. एक, रंगावरून डाग किती दिवसांचा हे ठरवायला जाऊ नका. डॉक्टरांनाही ते खात्रीने जमत नाही. दोन, आपल्याकडच्या कित्येक बाळांच्या कमरेवर नि कुल्ल्यांवर जन्मापासून निळसर-करडे चट्टे असतात. ते माराचे नव्हेत. माराचा डाग दोन आठवड्यांत बदलत बदलत जातो, हे महिनोन्‌महिने तसेच राहतात. तीन, त्वचेच्या संसर्गाचे खपली धरलेले गोल फोडही सिगारेटच्या चटक्यासारखे दिसतात. म्हणून "चटके दिलेत" असं सांगू नका, "मनगटावर दोन गोल जखमा दिसल्या" असं सांगा. चटका की संसर्ग, ते तपासणारा ठरवेल.

डेस्क_रात्रपाळी:

वरचं सगळं बरोबर, पण शेजाऱ्याला कपड्याखालचं दिसत नाही, आणि बाह्या वर सारून पाहायला जायचंही नाही. शेजाऱ्याला दिसतं ते घराचं वागणं. तुमच्या वर्णनात मला आवाजांइतकीच खटकलेली गोष्ट म्हणजे धाकट्याचं टापटीप असणं. लोक त्यावरूनच निश्चिंत होतात: "दुसऱ्याला तर किती नीट ठेवलंय." एकाच मुलावर रोख असणं हा छळाचा ओळखीचा नमुना आहे. सावत्र मूल, अपंग मूल, नको असताना झालेलं मूल यांच्या वाट्याला तो जास्त येतो. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतरांच्या साधारण ३.७ पट असल्याचं २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित अभ्यासात दिसलं होतं.

हेळसांड आणि कोंडून ठेवणं तर आवाजही करत नाही. तिथे या गोष्टींवर नजर ठेवा:

- खोलीच्या दाराला बाहेरून कडी, एकाच खोलीच्या खिडकीला कायमचा कागद किंवा पुठ्ठा.
- मूल दिसेनासं होणं. शेवटचं कधी दिसलं, हे आठवावं लागत असेल तर तीही नोंद करण्यासारखीच गोष्ट.
- शाळेतून काढलं, "आता घरीच शिकवतो", आणि घरी कुणाचं येणंजाणं नाही.
- दुसऱ्याच्या घरी गेल्यावर खाणं खिशात भरणं, कचऱ्यातून काढून खाणं.
- मोठ्या माणसाने सहज हात वर केला तरी डोकं झाकून घेणं.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर निरुपद्रवी निघू शकते. दोन-तीन एकाच मुलापाशी जमल्या की मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

आता पुराव्याचं. पुरावा गोळा करणं शेजाऱ्याचं काम नाही. सकारण शंका पुरते. तुमच्याकडून हवी ती नोंद, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. "काल पुन्हा बेदम मारलं, बाप पिऊन आला होता" ही नोंद नाही, निष्कर्ष आहे. नोंद अशी असते:

"मंगळवार, रात्री ९.४० ते ९.५५. भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज: 'हात पुढे कर.' सपकन असा आवाज, सहा वेळा. प्रत्येक वेळी मूल ओरडलं. नंतर शांत. बुधवार सकाळी ८.१०, जिन्यात मूल भेटलं. उजवी मूठ उघडत नव्हतं, दप्तर डाव्या हातात."

तारीख, सुरू-बंद वेळ, ऐकलेले शब्द जसेच्या तसे, काय दिसलं, त्या वेळी घरात कोण होतं. अंदाज लिहायचाच असेल तर वेगळ्या ओळीत, पुढे "अंदाज" असं लिहून. वही पूर्ण व्हायची वाट मात्र पाहू नका. महिनाभर टिपत बसणारे लोक आहेत. त्या महिन्यात मूल तिथेच असतं.

शंकासुर:

थोडा विरोधी सूर. तक्रारी फसतातही. तान्ह्या बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला शिगेला पोचतं आणि दिवसाला दोन-तीन तास रडणं अगदी निरोगी बाळातही असतं. तीन ते आठ वर्षांच्या काही मुलांना झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत 'नाइट टेरर' येतात. मूल डोळे उघडे ठेवून किंचाळतं, आईबापांना ढकलतं, सकाळी त्याला काही आठवत नाही. स्वमग्न मूल स्वतःचं डोकं भिंतीवर आपटत असू शकतं, पूर्ण बाह्या त्वचारोगामुळेही असतात. तेव्हा घाईने कुणावर शिक्का मारू नये.

डेस्क_रात्रपाळी:

@शंकासुर, मान्य, आणि म्हणूनच वेळेची नोंद हवी. रोज झोपेनंतर तासाभराने, मोठ्यांचा चढा आवाज नसताना, पाच-दहा मिनिटं किंचाळणं हे एक चित्र. संध्याकाळी सातला आधी दरडावणं, मग आदळणं, मग रडणं हे दुसरं. पण यातलं कुठलं हे शेजाऱ्याने ठरवायचं नाही. स्वमग्न मुलाचं घर असेल तर भेट देणारा कार्यकर्ता मदतीचा रस्ता दाखवून येईल. तक्रार म्हणजे आरोपपत्र नव्हे.

फोनवर हे विचारतात, तयार ठेवा: मुलाचं नाव (माहीत नसेल तर अंदाजे वय आणि वर्णन), पूर्ण पत्ता मजल्यासकट, घरात आणखी मुलं किती, मोठी माणसं कोण, ती कोणत्या वेळी घरी असतात, शाळा कोणती, शेवटची घटना कधीची, घरात शस्त्र किंवा चावरा कुत्रा आहे का. शेवटची माहिती लोक सांगायची विसरतात, आणि भेटीला जाणाऱ्याला तीच आधी लागते.

नाव द्यायचं की नाही? 'निनावी' आणि 'गोपनीय' यात फरक आहे. निनावी म्हणजे तुम्ही कोण हे त्यांनाही माहीत नाही, मग पुढचा प्रश्न विचारायला परत फोनही करता येत नाही. गोपनीय म्हणजे त्यांना माहीत, त्या घराला नाही. शक्य असेल तर दुसरा पर्याय घ्या, आणि नाव त्या घरापर्यंत पोचणार नाही ना, हे सुरुवातीलाच स्पष्ट विचारून घ्या. फोन ठेवण्याआधी नोंदणी क्रमांक आणि फोन घेणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

हेल्पलाइनला नव्हे, थेट पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला फोन कधी? आत्ता मारहाण चालू आहे. मोठा आदळण्याचा आवाज आणि त्यानंतर एकदम शांतता. जिवे मारण्याची धमकी. अगदी लहान मूल एकटं कोंडलेलं. बाळ लुळं पडलंय, उलट्या करतंय, झटके येतायत किंवा जागंच होत नाही. बाळाला जोरात गदगदा हलवल्यावर बाहेर एकही खूण नसताना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

साक्षीचे_कागद:

कायद्याचं थोडक्यात, कारण देशागणिक फरक आहे आणि इथे सगळीकडचे वाचक आहेत. मुलांसाठीच्या हेल्पलाइन: भारतात १०९८ (तातडीला ११२), ब्रिटनमध्ये मुलाची काळजी वाटणाऱ्या मोठ्या माणसांसाठी एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेची ०८०८ ८०० ५०००, अमेरिकेत चाइल्डहेल्प या संस्थेची १-८००-४२२-४४५३. भारतात लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असेल तर 'पॉक्सो' २०१२ (मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम १९ नुसार कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही (कलम १९ चं उपकलम ७). मारहाण, उपासमार, हेळसांड यांना बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ लागू पडतं.

आता दोन गोष्टी ज्या चांगल्या हेतूने केल्या जातात आणि प्रकरण बिघडवतात. पहिली, मुलाच्या उघड्या अंगाचे फोटो काढणं. ते तुमच्याच अंगलट येऊ शकतं. दुसरी, इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं. संध्याकाळपर्यंत ते त्या घरात पोचतं, मुलाची ओळख उघड होते, आणि चौकशीला कुणी जाईपर्यंत घरातल्या सगळ्यांची एकच गोष्ट पाठ झालेली असते.

त्याच कारणाने आईबापांना जाब विचारायलाही जाऊ नका. "तक्रारीनंतर जास्त मार बसला तर?" ही भीती खोटी नाही, पण तो धोका जाब विचारल्यानंतर जास्त असतो. तक्रारीमागे निदान कुणीतरी त्या घरात जाणार असतं. जाबामागे कुणीच नसतं. आणि फोनवर हीच भीती बोलून दाखवा, म्हणजे मुलाशी घराबाहेर, शाळेत वगैरे बोलता येईल का, हे त्यांना ठरवता येतं.

नडगी_ते_कान:

मूल स्वतःहून बोललं तर काय, हे राहिलंच.

ऐकायचं. चेहऱ्यावर धक्का दाखवायचा नाही. "बाबांनी मारलं का?" असं विचारायचं नाही, त्यात उत्तर तुम्ही पुरवलेलं असतं आणि पुढे मुलाचं खरं बोलणंही पढवलेलं ठरतं. "काय झालं?", "मग?", एवढंच पुरे. एकदा सांगून झालं की पुन्हा सांगायला लावू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात नको, ते तुम्हाला मोडावंच लागणार आहे. त्याऐवजी: "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. मदत करू शकेल अशा माणसाला मी हे सांगणार आहे." मूल गेल्यावर लगेच त्याचेच शब्द लिहून काढा. मूल जो शब्द वापरेल तोच, तुमचा सभ्य पर्याय नको.

दुसऱ्या दिवशी मूल "मी खोटं बोललो" म्हणालं तरी नोंद खोडू नका. माघार घेणं नेहमीचं आहे, त्यामागे बहुधा घरच्यांचा दाब असतो.

भिंतीपलीकडे:

खूप स्पष्ट झालं, आभार. एकच राहिलं. फोन केल्यानंतर पुढे काय झालं ते कळतं का? आणि त्या घराशी कसं वागायचं?

डेस्क_रात्रपाळी:

निकाल बहुधा कळवत नाहीत, मुलाच्या गोपनीयतेमुळे. त्यामुळे "काहीच झालं नाही" असं वाटतं. पहिल्या भेटीत काही न सापडणं सर्रास घडतं, त्याने फाइल नाहीशी होत नाही. नवीन काही दिसलं-ऐकलं की तोच नोंदणी क्रमांक सांगून पुन्हा फोन करा. वेगवेगळ्या शेजाऱ्यांनी स्वतंत्रपणे केलेले फोन एकत्र सही केलेल्या अर्जापेक्षा जास्त उपयोगी, कारण प्रत्येकाने पाहिलेलं वेगळं असतं.

त्या घराशी कालपर्यंत वागत होता तसंच. जिन्यात भेटलं तर मुलाला नावाने हाक मारा, बोलणं चालू ठेवा. फोननंतरच्या दोन-तीन दिवसांत मूल दिसतं की नाही, तेवढं नक्की पाहा. दिसलं नाही तर तेही कळवा. आणि सामानाची गाडी दारात लागली तर थांबू नका, त्याच मिनिटाला फोन करा. चौकशी सुरू झाली की काही कुटुंबं घरच बदलतात आणि फाइल जुन्या पत्त्यावर पडून राहते. गाडीचा नंबर आणि कुठल्या गावाला निघालेत, एवढं सांगितलं तरी नव्या ठिकाणी ती उघडता येते.