सवलतीत मिळणारा ८.७ इंची टॅब अभ्यासासाठी घ्यावा का?

प्रश्न – कळव्याचा प्रवासी

नमस्कार. मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळला कामावर जातो. नौपाड्यातील एक दुकानदार सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ (वाय-फाय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण) साडेनऊ हजारांना देत आहे आणि खोक्यावरील छापील किंमत पाहता ही सूट डोळ्यांत भरण्याजोगी आहे. खात्याची परीक्षा तोंडावर आली असून नोट्सच्या पीडीएफ, ज्यांतील बहुतेक जुन्या झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या आहेत, त्या गाडीत वाचता याव्यात एवढाच माझा मुख्य हेतू आहे. हा खर्च करावा का?

उत्तर – घोडबंदरकर

सूट मोजताना छापील किंमत मुळीच धरू नये, कारण त्या किमतीला तो टॅब सहसा कोणी विकतही नाही आणि घेतही नाही. ए९ भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा याच प्रकाराची किंमत १२,९९९ रुपये होती. म्हणजे आपली खरी बचत साडेतीन हजारांची आहे, आणि तीही अशा मॉडेलवर, ज्याची पुढची आवृत्ती, ए११, २०२५ मध्ये बाजारात आली. सॉफ्टवेअर अपडेटची मुदत आपल्या बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, हेही ध्यानात ठेवावे. खोक्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते पैसे देण्याआधी वाचावे. लिथियम बॅटरी न वापरता पडून राहिली तरी तिची क्षमता हळूहळू घटतेच.

उत्तर – वाशीचा वाचक

किमतीपेक्षा मला पडद्याची काळजी वाटते. या टॅबचा पडदा उभा धरला तर जेमतेम सव्वाअकरा सेंटिमीटर रुंद भरतो आणि ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे आपल्या नोट्सचे पान जवळजवळ निम्म्या आकारात दिसणार. मजकूर टाइप केलेला असता तर अक्षर मोठे करून ओळी नव्याने जुळवता आल्या असत्या, पण स्कॅन म्हणजे निव्वळ छायाचित्र. त्यात तशी सोय नाही. शिवाय या पडद्याच्या रुंदीत फक्त ८०० पिक्सेल आहेत. इंग्रजी मजकूर त्यात कसाबसा निभावतो, परंतु देवनागरीतील अनुस्वार, रफार आणि ‘द्ध’सारखी जोडाक्षरे आधीच पुसट असलेल्या झेरॉक्समध्ये शाईच्या डागासारखी दिसू लागतात.

टॅब आडवा धरल्यास चित्र पालटते. तेव्हा पानाला सुमारे १९ सेंटिमीटर रुंदी आणि १,३४० पिक्सेल मिळतात, समास कापले तर अक्षर मूळ आकाराचे होते. मात्र पान एका वेळी निम्म्याहूनही कमी दिसते आणि सतत सरकवावे लागते. बसायला जागा असेल तर हे जमते. गाडी ठाण्यातच सुटत असल्याने सकाळी आपल्याला जागा मिळत असावी, परतीच्या वेळी नेरुळला ती मिळेल याची खात्री मी देणार नाही, आणि एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात आडवा टॅब सांभाळत वाचणे मला तरी अशक्य वाटते.

आपल्याकडील सर्वांत वाईट स्कॅन फोनमध्ये घेऊन दुकानात जावे, तो मांडून ठेवलेल्या टॅबवर पाठवावा आणि तिथेच दोन पाने सलग वाचून पाहावीत.

कळव्याचा प्रवासी

आभारी आहे. तसे करून पाहिले. उभ्या पडद्यावर तळटिपा वाचता आल्या नाहीत, आडव्यावर वाचता आल्या. आता शंका एवढीच, की ६४ जीबी पुरेल का आणि सिम नसल्याने गाडीत अडेल का?

उत्तर – घोडबंदरकर

फायली आधीच उतरवून ठेवल्या तर वाचायला इंटरनेट लागत नाही. एरवी फोनचा हॉटस्पॉट आहेच. ६४ जीबीपैकी बराच भाग सिस्टीमच व्यापते, परंतु या टॅबमध्ये मेमरी कार्डाची खाच असल्याने पीडीएफसाठी अडचण येणार नाही. ४ जीबी रॅममुळे शेकडो पानांची स्कॅन फाइल उलटताना थांबत थांबत चालेल, म्हणून प्रकरणानुसार तुकडे करून ठेवावेत.

मात्र टॅब फक्त या परीक्षेपुरताच हवा असेल, तर त्याच नोट्सची पाठपोट प्रत काढून स्पायरल बाइंडिंग केलेले मला अधिक पटते. परीक्षेनंतरही घरात वापर होणार असेल तर ए११चा त्याच दिवसाचा ऑनलाइन भाव पाहावा; फरक दीड-दोन हजारांचाच निघाला तर नवे मॉडेल घ्यावे, अन्यथा ए९ पक्क्या जीएसटी बिलावर घ्यायला हरकत नाही.