मदत हवी आहे: शेतावरून फ्लॅटमध्ये आलेली चार वर्षांची कारवानी कुत्री

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गेल्या महिन्यात आमच्याकडे हरणी आली. कारवानी, मादी. डॉक्टरांनी दात बघून वय चारच्या आसपास सांगितलं. सांगोल्याकडच्या एका नातेवाइकांच्या वस्तीवर ती वाढली. काकांनी मेंढरं विकली, ते मुलाकडे राहायला गेले आणि हिला घ्यायला कोणी तयार होईना. पिल्लू असतं तर लोकांनी मागून नेलं असतं, एवढ्या मोठ्या कुत्रीला कोण घेणार? म्हणून आम्ही आणली.

रेबीजची लस, जंताचं औषध, गोचीड काढणं, सगळं झालंय. बरगड्या दिसतात म्हणून सोसायटीतले लोक "हिला खायला देत नाही का?" असं विचारतात. डॉक्टर म्हणाले, या जातीची अंगकाठी अशीच असते, वजन ठीक आहे.

शी-शूचा प्रश्न बराचसा सुटलाय. सुरुवातीला पट्टा लावून खाली नेलं की काहीच करायची नाही आणि वर येऊन बाल्कनीत करायची. मग झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर लगेच, रोज बिल्डिंगमागच्या त्याच मातीच्या तुकड्यावर न्यायला लागलो. तिथे केलं की जागेवरच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आता फरशीवर क्वचितच होतं.

दोन गोष्टी मात्र सुटत नाहीत.

पहिली म्हणजे मांजर. हिची मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की सरळ निघतो. म्हणून मार्टिंगेल घेतला, जो ओढला की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो. सोबत हार्नेसही आहे. पण पार्किंगमध्ये मांजर दिसलं की ती अशी उसळी मारते की खांदा निखळेल असं वाटतं. त्या क्षणी हाक ऐकूच येत नाही तिला.

दुसरी आणि खरी काळजीची गोष्ट म्हणजे एकटं राहणं. वस्तीवर ती कधी एकटी नव्हतीच. माणसं नसली तर मेंढरं असायची. आता सासूबाई घरी असतात म्हणून निभतंय. पण त्या काही दिवसांनी नणंदेकडे जाणार आहेत. आमची दोघांची ऑफिसं, मुलाची शाळा, म्हणजे दुपारपर्यंत घर रिकामं. आम्ही थोडा वेळ बाहेर जाऊन बघितलं, घरात फोन रेकॉर्डिंगला ठेवला होता. दार लावल्याबरोबर धापा, लाळ, दारावर पंजे, मग लांबलचक रडणं. समोर चिकन ठेवलं होतं, त्याला तोंडही लावलं नाही. एरवी चिकनसाठी ती काहीही करते. म्हणजे हा खोडकरपणा नाही, ती घाबरते आहे, असं मला वाटतं.

लोक सल्ले देतात: बाथरूममध्ये कोंडा, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने एक द्या, एक दिवस उपाशी ठेवा, मालक कोण ते कळू दे. यातलं काहीही मी करणार नाही. कोणी केर काढायला झाडू उचलला तरी ती जमिनीला चिकटते. त्या कुत्रीला आणखी भीती घालून शहाणी करायची, हे मला पटत नाही.

प्रौढ कुत्र्याला एकटं राहायला कसं शिकवलं, कोणी सांगाल का? आणि तोवर ऑफिसचं काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, तुमचं निदान बरोबर वाटतंय. आवडीचं खाणंही नको वाटतं तेव्हा ती शिकण्याच्या अवस्थेत नसते. तिथे चिकन ठेवून उपयोग नाही.

सुरुवात दारापासून करा. किल्ल्या उचला, खाली ठेवा, भाजी निवडायला बसा. चपला घाला, काढा. दिवसभरात असं अधूनमधून करत राहा, म्हणजे किल्ल्या वाजल्या की माणूस जातोच, हे तिच्या डोक्यातून निघेल. मग दार उघडून बंद करा. मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत. तिचं अंग सैल असेपर्यंतच वेळ वाढवायचा. दर वेळी वाढवत नेऊ नका. मध्ये मध्ये अगदी छोटी फेरी ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी अवघडच होत जातं. रेकॉर्डिंगपेक्षा व्हिडिओ कॉल चालू ठेवून बाहेरून बघा. ओठ चाटणं, जांभया, दाराकडे टक लावून ताठ बसणं दिसलं की रडायच्या आधीच परत या.

यातली कठीण अट अशी की शिकवणी चालू असताना तिला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. एका सकाळच्या घबराटीत आठवड्याची मेहनत वाया जाते. म्हणून सासूबाईंचं जाणं पुढे ढकलता येतंय का बघा, ऑफिसचे दिवस आलटून पालटून घ्या, कोणी विद्यार्थी घरी बसून अभ्यास करायला येत असेल तर विचारा. बाथरूममध्ये किंवा पिंजऱ्यात अजिबात कोंडू नका. घाबरलेली कुत्री बाहेर पडायला दात आणि नखं मोडून घेते.

डॉक्टरांशी औषधाबद्दलही बोला. अशा भीतीसाठी ते फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देतात. औषधाने कुत्री आपोआप शिकत नाही, पण शिकण्याइतकी शांत होऊ शकते. घरातलं माणसांचं औषध स्वतःहून देऊ नका. नसबंदी व्हायची असेल तर ही शिकारी कुत्र्यांच्या जातीतली आहे, हे भूल देणाऱ्यांना आधी सांगा. अशा सडपातळ जातींना भुलीची काही औषधं जड जातात.

आणि ते "मालक कोण" प्रकरण, म्हणजे दरारा दाखवूनच कळपात म्होरक्या ठरतो ही कल्पना, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून आली. ज्यांच्या लिखाणाने ही कल्पना पसरली त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये ती चुकीची असल्याचं मांडलं. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात.

प्रतिसाद २

मांजराबद्दल. ही कुत्री वासापेक्षा नजरेने शिकार करते, त्यामुळे तुमच्या आधी तिला दिसतं. उसळीच्या आधी एक क्षण असतो: कान उभे, मान वर, अंग गोठलेलं. तेव्हाच तिचं नाव घ्या आणि वळली की चिकन. वळत नसेल तर अंतर कमी पडतंय, तिथून मागे फिरा. पार्किंगमधून न जाता दुसऱ्या फाटकाने बाहेर काढा. मोकळं सोडायचा मोह टाळा. पळवायचं असेल तर चारी बाजूंनी बंद मैदान आणि लांब दोरी. "कारवानी काही शिकत नाही" हे मनावर घेऊ नका. तिच्याशी जवळचं नातं असलेल्या मुधोळ जातीच्या कुत्र्यांना लष्कराने मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण दिलं आहे.

सोसायटीचं म्हणाल तर कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टलाही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. महापालिकेचा परवाना काढून ठेवा. पण रडण्याचा त्रास शेजाऱ्यांना खरंच होतो. तक्रार यायच्या आधी त्यांना जाऊन भेटा, काय करताय ते सांगा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना प्रतिसाद वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "लेकीकडे दिवाळीनंतर जाईन, हिला सोडून मला तिकडे चैन पडायचं नाही." त्यामुळे वेळ मिळाला. किल्ल्यांचा सराव आजपासून सुरू केलाय. खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटले, त्या समजूतदार निघाल्या.

पण दिवाळी म्हटल्यावर फटाके आलेच. कुकरच्या शिट्टीलाही ती पलंगाखाली जाते. फटाक्यांचे आवाज रेकॉर्डवर अगदी हळू लावून सवय करायची तर ती एकटेपणाच्या सरावासोबत करावी, की एक झाल्यावर दुसरं? कोथरूड-कर्वेनगर भागात मारझोड न करता घाबरट कुत्र्यांबरोबर काम करणारे प्रशिक्षक कोणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.