जिवाचा नांगर: जहाजातला की वावरातला?

काळीमाती
सलाम सर्वांना. शब्द आहे नांगर. बायबलात इब्री ६:१९ मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, माहीतच असेल. आता झालं असं की माझे बाबा वर्षभरापासून डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा इथं नागपुरात धंतोलीत नेतो मी त्यांना, चार-चार तास बसावं लागते तं मोबाईलवर वचन वाचून दाखवतो. परवा हे आलं अन मी सहज म्हटलं की बाबा, हा नांगर म्हणजे जहाजाचा बरं, समुद्रात टाकतात तो. बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणे, मी पोरगा होतो तेव्हापासून हे वाचून राहिलो, मला तं दरवेळेस आपल्या वावरातलाच नांगर दिसला. बाबा हिंगणघाटकडचे, पऱ्हाटीची म्हणजे कापसाची शेती, समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, तोही लग्नाला मुंबईले गेले होते तेव्हा. पाळक साहेबांना विचारलं तं ते हसले, म्हणे अर्थ जहाजाचाच आहे. मला पटलं, पण थोडं वाईटही वाटलं. या माणसानं कर्ज, बोंडअळी, आईचं जाणं, सगळं त्या नांगरावर काढलं अन आता सांगायचं का की बाबा तुमचा नांगर चुकीचा होता? दोन्हीला एकच शब्द कसा काय झाला, कोणी सांगा ना जी.

हिस्लॉपियन
पाळक साहेब बरोबर आहेत. मूळ ग्रीक शब्द आंकुरा, तो जहाजाचाच, त्यात वावरातल्या नांगराचा अर्थ निघत नाही. घोळ मराठीतला आहे. वावरातला नांगर संस्कृत लाङ्गल वरून आला. जहाजाच्या नांगराला फारसीत लंगर म्हणतात, आपल्या तोंडात त्याचं नांगर झालं असावं, म्हणजे दोन वेगळ्या घरचे शब्द एकाच गल्लीत येऊन बसले. हिंदी बायबल उघडून पाहा, तिथे लंगर छापलंय आणि शेतातल्याला हल, त्यामुळे हिंदीवाल्यांना हा प्रश्नच पडत नाही. आपल्या इकडे एकाच बाकावर एकाच्या हातात मराठी बायबल अन दुसऱ्याच्या हातात हिंदी असते, बाजूवाल्याचं डोकावून पाहिलं असतं तं साठ वर्षांपूर्वीच कळलं असतं.

सदरचा_पोट्टा
अबे पण नागपुरात समुद्र कुठून आणायचा, आपल्याकडं फुटाळा अन अंबाझरी हे तलाव. नांगर म्हटलं की वावरच येणार डोळ्यासमोर, काकांची काहून चूक काढून राहिले सगळे.

वसईकर_आता_मनीषनगर
मी वसईचा, नोकरीमुळे बारा वर्षं नागपुरात आहे, माझे मामा मासेमारी करायचे म्हणून दोन शब्द लिहितो. लोकांना वाटतं नांगर जड असतो म्हणून होडी थांबते. वजन कामाला येतं पण मुख्य काम वजनाचं नाही. नांगराची टोकं तळच्या मातीत घुसतात आणि होडी जितकी ओढेल तितकी आणखी खोल रुततात, फक्त दोर लांब सोडावा लागतो, पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट, म्हणजे ओढ आडवी बसते. दोर आखूड ठेवला की ओढ सरळ वर जाते आणि नांगर सुटतो, आणि मुद्दाम काढायचा असतो तेव्हा तसंच करतात. आता गंमत बघा, १९३३ मध्ये जी. आय. टेलर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नवीन नांगर काढला, त्याचा आकार चक्क शेतातल्या नांगराच्या फाळासारखा आणि इंग्रजीतसुद्धा त्याला प्लाऊ अँकरच म्हणतात. म्हणजे काका आणि तो शास्त्रज्ञ एकाच ठिकाणी पोचले. फरक इतकाच की शेतातला चालला पाहिजे आणि आमचा चालता कामा नये, चालला तर नांगर घसरला म्हणतात आणि मग सगळ्यांची धावपळ.

काळीमाती
हे वाचून दाखवलं बाबांना. ओढ जितकी जास्त तितका खोल, यावर ते बराच वेळ काही बोललेच नाही. मग म्हणे, आपली काळी जमीन पण तशीच, फाळ धरला की बैलालाच माहीत.

मोडी_ते_मोबाईल
मला त्या वचनातला नांगराच्या पुढचा भाग जास्त विचित्र वाटतो. तो नांगर पडद्याच्या आतल्या भागी पोचतो असं लिहिलंय. नांगर खाली जातो ना, हा आत कसा गेला? पडदा म्हणजे परमपवित्रस्थानाचा, मंदिरातल्या सर्वात आतल्या खोलीचा, जिथे महायाजक वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी जायचा. पुढच्याच ओळीत येशू आपल्यासाठी अग्रगामी म्हणून आत गेला असं आहे. म्हणजे चित्र असं दिसते की होडी अजून लाटांतच हेलकावे खाऊन राहिली पण नांगर आधीच बंदरात जाऊन रुतलाय, अन तो आपल्याला दिसत नाही, दिसते फक्त दोर. योहान १६:३३ ला लावून पाहा, जगात तुम्हांला क्लेश होतील पण धीर धरा, मी जगाला जिंकले आहे. "जिंकीन" नाही, "जिंकले आहे". ग्रीकमध्येही ते क्रियापद पूर्ण झालेल्या अन अजून टिकून असलेल्या कामाचंच आहे. अन बोलतो केव्हा, तर वधस्तंभाच्या आदल्या रात्री, जेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला सगळं हरल्यासारखंच दिसणार. क्लेश साठीचा ग्रीक शब्द थ्लिप्सिस, मूळ अर्थ दाबणं, चेपणं. मराठी क्लेश त्यामानाने फारच सभ्य झाला.

आता थोडं कडू बोलते. "विजय" हा शब्द आपल्याकडे वापरून वापरून गुळगुळीत झालाय. विजयी जीवन, विजयी सभा, विजयी उपास. पोस्टरवर विजय म्हणजे आजार गेला, नोकरी लागली, केस जिंकली. मग ज्याचा आजार गेला नाही त्यानं काय करायचं?

हिस्लॉपियन
ताई, पण बरं होणंही देवाचंच काम आहे ना, त्यावर कशाला राग. रोमकरांस ८:३७ मध्ये आपण महाविजयी ठरतो असंच लिहिलंय.

मोडी_ते_मोबाईल
लिहिलंय, अन त्याच्या आधीची यादीही वाचा ना, क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, तलवार. "ह्या सर्व गोष्टींत" महाविजयी, ह्या गोष्टी टळल्यावर नाही. राग बरं होण्यावर नाहीच, पोस्टरवर आहे.

काळीमाती
ताई एकदम खरं. आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला सांगतात तेव्हा सगळ्यांच्या साक्षी बरं झाल्याच्याच असतात. बाबा उठतच नाही. म्हणतात माझं क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) काही विजयी झालं नाही, मी काय सांगू. लोकं हसतात, पण मला माहीत आहे ते गंमत करून नाही राहिले.

वसईकर_आता_मनीषनगर
प्रेषितांची कृत्ये २७ वाचा काकांसोबत. पौलाचं जहाज वादळात, रात्रीची वेळ, पाणी मोजलं तर वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), थोडं पुढे पंधरा, म्हणजे किनारा जवळ पण खडकावर आपटायची भीती. मग मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उजाडायची वाट पाहत बसले. सकाळी ते नांगर तोडून समुद्रातच सोडून दिले आणि जहाजही फुटलं. पण २७६ च्या २७६ माणसं जमिनीवर पोचली, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर. लहानपणी मला जहाज फुटल्याचं फार वाईट वाटायचं.

सदरचा_पोट्टा
मी पण एक शब्द टाकतो. १ करिंथ १५ मध्ये "अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" आता मराठीत नांगी टाकणे म्हणजे हार मानणे. म्हणजे मराठी वाचणाऱ्याला एक एक्स्ट्रा अर्थ फुकटात भेटला की मरणानंच नांगी टाकली. हे ग्रीकमध्ये आहे का?

हिस्लॉपियन
ग्रीकमध्ये केंट्रॉन. विंचवाची नांगीही तीच अन बैलाला टोचायची पराणीही तीच. पौलाला दमिष्काच्या वाटेवर जे ऐकू आलं, पराणीवर लाथ मारणं तुला कठीण, तिथंही हाच शब्द. नांगी टाकण्याचा अर्थ मराठीचा स्वतःचा, पण बसतो छान, पोट्ट्याला मार्क.

काळीमाती
पराणीला आमच्याकडं तुतारी म्हणतात. बाबांना सांगितलं की मरणाच्या हातात तुतारी होती, ती हिसकून घेतली. म्हणे, बिना तुतारीचा गडी बैलाला नुसता हॅट हॅट करत राहते, बैल ऐकत नाही.

मोडी_ते_मोबाईल
काळीमाती भाऊ, मूळ प्रश्न राहूनच गेला. बाबांना सांगा की वावरातला नांगरही आशेसोबत बायबलमध्ये आहेच, फक्त इब्रीत नाही. १ करिंथ ९:१० पाहा, नांगरणाऱ्यानं आशेनं नांगरावं. त्याच्या जरा वर, मळणी करत असलेल्या बैलाला मुसकं बांधू नको हे नियमशास्त्रातलं वाक्य आहे. संदर्भ तिथे कामकऱ्याला वाटा मिळण्याचा आहे, तो ओढूनताणून दुसरीकडं नेऊ नका, पण नांगर अन आशा एका ओळीत आहेत हे खरं.

काळीमाती
आज डायलिसिस होतं, वाचून दाखवलं. बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग सांगू लागले की नांगरट होते भर उन्हाळ्यात, त्यावेळेस वावर सर्वात बेकार दिसते, नुसती ढेकळं, रस्त्यानं जाणाऱ्याला वाटते या माणसाचं सगळं संपलं. वखर, डवरं, तिफण ते पुढचं, पाऊस आल्यावरचं. नांगरताना कोणी विचारत नाही कापूस कुठाय. मी म्हटलं, मग बाबा पुढच्या मीटिंगमध्ये हेच सांगा, हीच साक्ष. तं म्हणे पाहू, अंगात पाणी साचून वजन किती वाढलं ते आधी विचार नर्सबाईला.

अन शब्दाचा निकाल त्यांनी लावलाय, इथं कळवायला सांगितलं. म्हणे त्या वसईच्या भाऊला सलाम सांग, पण नांगर हा शब्द आमचा आहे, जहाजवाल्यांनी हिंदीसारखं लंगर म्हणावं.